कापलेले समास

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, धंदा पुस्तकबांधणी, राहणार दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर असलेल्या याच घरात, आज दुपारची जेवणं उरकल्यावर, उघड्या डोळ्यांनी आणि शाबूत डोक्याने, कोणी भरीला न घालता, स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवते. याआधी मी असा कोणताही कागद केलेला नाही, त्यामुळे जुना रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. वकिलाकडे गेले नाही, कारण त्याच्या भाषेत मला माझी माणसं सापडली नसती. कायद्याला लागतात ते शब्द मी गिऱ्हाइकांनी बांधायला आणलेल्या कागदांतून उचलले आहेत. वीस वर्षांत असे पुष्कळ कागद हाताखालून गेले.

निमित्त एवढंच की येत्या सोमवारी माझ्या पोटातली एक गाठ काढायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, साधी गोष्ट आहे. मीही गिऱ्हाइकाला तसंच सांगते, आणि मग पुस्तक उघडल्यावर आतून काय निघायचं ते निघतं.

माझ्या मागे दोन मुली आहेत. थोरली, वय चोवीस, दुसऱ्या गावी एका बेकरीत कामाला आहे. धाकटी, वय सोळा, माझ्याजवळ आहे आणि आत्ता शेजारच्या खोलीत झोपल्याचं सोंग करते आहे. त्यांचे वडील, म्हणजे माझे पती, पाच वर्षांपूर्वी गेले. ते इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आचारी होते.

कलम एक. सदर घर आम्हा दोघांच्या कमाईचं आहे. माझ्या पश्चात ते दोघी मुलींचं, सारख्या वाट्याने. एकीने विकायचं म्हटलं तर दुसरीची लेखी संमती लागेल. लेखी याचसाठी की तोंडी संमती धाकटी कशालाही देते आणि मग रडत बसते. स्वयंपाकघराची खिडकी पावसाळ्यात फुगते. ती ओढायची नाही, खालून उचलून ढकलायची. हे थोरलीला माहीत आहे, पण पाच वर्षांत माणूस विसरतो.

कलम दोन. बँकेत आणि पोस्टात जे आहे ते धाकटीच्या शिक्षणासाठी. थोरलीने यावर हक्क सांगू नये, आणि ती सांगणारही नाही. गेल्या वर्षी धाकटीची फी तिनेच परस्पर भरली. मला पावती मिळाली, पत्र नाही.

कलम तीन. धाकटी सज्ञान होईपर्यंत तिची आत्या, म्हणजे माझी नणंद, तिची पालक राहील. हे वाचून नणंदेला आश्चर्य वाटेल, म्हणून कारण लिहिते. लग्न झाल्यापासून ती चारचौघांत सांगत आली की आमच्या घरात नवरा रांधतो आणि बायको नुसती खळ शिजवते. मला ते लागायचं, कारण ते खरं होतं. पुस्तकं चिकटवायची खळ मी चुलीवर ठेवायची आणि शेजारच्या चुलीवर ते आमचं जेवण करायचे. एकदा नणंद दुपारी आली, भूक लागली होती, माझं पातेलं उघडून तिने मोठा चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, "वहिनी, मीठ विसरलीस." किडीसाठी त्यात विषारी मोरचूद घालतात, ते घालायचं बाकी होतं हे आम्हा सगळ्यांचं नशीब. मी तिला अजूनपर्यंत सांगितलेलं नाही की ते काय होतं. आता कळलं. तर, तिच्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी मी या कलमान्वये सोडून देते. ते गेले त्या आठवड्यात तिने या घरात येऊन, एक शब्द न बोलता, रोज भांडी घासली. धाकटीला असं माणूस लागेल.

कलम चार. कामाची हत्यारं. जमिनीला ठोकलेला, पुस्तकं दाबून धरायचा लोखंडी शिकंजा, शिवणीची चौकट, दाभण, सुया, मेणाचा गोळा आणि घडी दाबायची हाडाची पट्टी हे सगळं धाकटीला, तिला हा धंदा करायचा असेल तर. नसेल तर जी कोणी मुलगी शिकायला येईल तिला. शेजारच्या शिंप्यांना माझी मोठी कात्री हवी होती, पण ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं ऐकलं, म्हणून ती काल त्यांना देऊन टाकली. त्यांनी लगेच धार बघितली आणि तोंड वाकडं केलं.

कडा कापायची सुरी वेगळी. ती मला कोणालाही द्यावीशी वाटत नव्हती. पण हत्याराला काय कळतं. तीही धाकटीला, बाकीच्यांबरोबर.

कलम पाच. घरातली पुस्तकं, अंदाजे सहाशे. त्यांची वाटणी करू नये. जिला जे वाचायचं असेल तिने न्यावं आणि परत आणावं. आणण्यासाठी यावं लागेल, हा यातला हेतू आहे, तो लपवत नाही.

या घरात रात्रीचं जेवण चालू असताना एकजण वाचायचं आणि बाकीचे जेवायचे. वाचणाऱ्याचं ताट झाकलेलं असायचं आणि त्याला शेवटी गरम पोळी मिळायची. पाळी ठरलेली होती. त्यांच्या पाळीला ते मुद्दाम भयंकर जागी थांबायचे आणि म्हणायचे, आता मी जेवणार. थोरली त्यांच्या हातातून पुस्तक ओढायची. धाकटी तेव्हा लहान, तिला अक्षरं यायची नाहीत, तर ती पुस्तक उलटं धरून मनाने सांगायची, आणि तिच्या गोष्टीत सगळे शेवटी जेवायला बसायचे. आता आम्ही दोघीच आहोत. एक वाचते, एक जेवते. मग उलट. जेवण लवकर संपतं.

कलम सहा. स्वयंपाकघरातली भांडी. इस्पितळात दिवसभर अळणी रांधून माझे पती घरी येऊन मिठाची चैन करायचे. त्यांचं जाड बुडाचं पातेलं, लाकडी पळी आणि कणीक मळायची परात थोरलीची. ती नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी स्टुलावर उभी राहून शिकली. मला या घरात स्वयंपाक करायची वेळच फारशी आली नाही, आणि आता करते तो धाकटी मुकाट्याने खाते. बरण्यांमध्ये संत्र्याचा मुरंबा आणि लिंबाचं लोणचं आहे, माझ्या हातचं. मुरंबा बरा आहे. लोणच्याबद्दल काही बोलत नाही.

कलम सात. हाताने केलेल्या वस्तू. त्यांच्या जुन्या शर्टांचे तुकडे जोडून केलेली रजई धाकटीला, ती तिच्याच अंगावर असते. पुठ्ठ्याचं बाहुलीघर दोघींचं. पुस्तकांच्या उरलेल्या पुठ्ठ्यांचं ते मी एका सुट्टीत केलं. त्यातल्या कपाटात नखाएवढी बारा पुस्तकं आहेत, सगळी उघडतात, आणि प्रत्येकात एक खरी गोष्ट आहे, थोरलीने अकराव्या वर्षी मुंगीच्या अक्षरात लिहिलेली. बाराव्यात शेवटचं पान कोरं आहे. तेव्हा मी विचारलं होतं, तर म्हणाली, ते नंतर.

कलम आठ. एक पुस्तक आणि एक खोका. हे कलम लांबेल. बाकीची कलमं मी या कलमापाशी यायला धीर व्हावा म्हणूनच लिहिली असावीत.

पुस्तक म्हणजे घरातलं स्वयंपाकाचं जाडजूड पुस्तक, चारशे पानांचं. माझ्या पतींनी ते जुन्या बाजारातून आणलं होतं. त्यातून ते थोरलीला शिकवायचे. पुस्तक आडवं धरून, बाहेरच्या समासात, पेन्सिलीने ते एकेक ओळ लिहायचे, तिच्यासाठी. नऊ ते एकोणीस, दहा वर्षं. मी ते पुस्तक कधी हातात घेतलं नाही. तो त्या दोघांचा मुलूख होता. ते काहीतरी खरडतात हे माहीत होतं. काय, ते विचारलं नव्हतं. कधीतरी विचारू, असं होतं.

ते गेल्यावर चार महिन्यांनी थोरलीचा वाढदिवस आला. पुस्तक खिळखिळं झालं होतं, कणा सुटला होता, पानं गळत होती. मला वाटलं, तिला याहून मोठं काही देता येणार नाही. ती कॉलेजला गेली की मी ते बांधायला घ्यायची. नवी शिवण घातली, त्यांच्या निळ्या शर्टाचं कापड चढवलं. आणि त्याआधी शिकंज्यात घालून कडा कापल्या. तेलाने पारदर्शक झालेल्या, हळदीने पिवळ्या, कोपऱ्यांना दुमडलेल्या कडा. बोटभर रुंद कापल्या, तेव्हा कुठे पांढरा कागद लागला. कडा इतक्या सरळ आल्या की मी अंगठा फिरवून बघितला आणि मला बरं वाटलं. त्या चार महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

संध्याकाळी तिने ते उघडलं. एक पान उलटलं, मग दुसरं, मग भराभर. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "यातले बाबा कुठे गेले?"

मी म्हणाले, "कडा खराब झाल्या होत्या."

ते एक वाक्य मी परत घ्यायला तयार आहे. त्याच्या बदल्यात वरच्या सातही कलमांतलं काहीही कोणी मागितलं तरी देईन. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, अगदी हळू, आपटलंही नाही. दीड महिन्याने बेकरीतली नोकरी धरली आणि गेली. फोन करते. धाकटीशी अर्धा तास बोलते, माझ्याशी एवढंच, "बरी आहेस ना?" मी म्हणते, बरी आहे. गाठीचं मी तिला सांगितलेलं नाही, आणि धाकटीला सांगू दिलेलं नाही.

तिला वाटतं, आईला टापटीप प्यारी, म्हणून आईने कापलं. शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, कापण्याआधी पान न पान चाळायचं, समासात काय आहे ते बघायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी चाळलं नाही, कारण मला त्यांचं अक्षर बघवत नव्हतं. किराणा मालाची त्यांची एक चिठ्ठी पिठाच्या डब्यात सापडली होती, तर मी दोन दिवस पीठ काढलं नव्हतं. पुस्तक शिवताना मी नजर दोऱ्यावर ठेवली, पानावर नाही. चारशे पानं मी न बघता शिवली. हे काम येणाऱ्या माणसाला जमतं, म्हणूनच ते घडलं. ज्याला येत नाही त्याला बघावं लागलं असतं. हे मी तिला सांगितलेलं नाही, कोणालाच सांगितलेलं नाही. आज इथे लिहिलं.

आता खोका. कापलेले समास मी फेकले नव्हते. आमच्या धंद्यात काही फेकत नाहीत. कात्रणांच्या टोपलीत गेले, आणि तिथून पुढच्या महिन्यातल्या पुस्तकांच्या कण्यांना, आतून अस्तर म्हणून, लागले. बोटभर रुंदीची लांब पट्टी कण्याला बरोबर बसते. तो महिना ग्रंथालयाच्या कामाचा होता. थोरली गेली, आणि मग एके दिवशी मी टोपली शोधली, तर ती रिकामी होती, आणि माझ्या लक्षात आलं की माझा नवरा गावभर लोकांच्या घरी कण्यांमध्ये बसला आहे.

ग्रंथालयाच्या वहीत त्या महिन्यात दुरुस्त केलेल्या पुस्तकांची नावं होती, त्रेचाळीस. मी ग्रंथपालबाईंकडे जाऊन एकेक परत मागू लागले. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, धडधाकट पुस्तकं कशाला उसवता? मी कारण सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलाखाली एक वेगळी टोपली आली. त्या यादीतलं जे पुस्तक वाचकाकडून परत येईल ते त्या तिच्यात टाकतात. मी कणा उघडते, ओलं फडकं ठेवून खळ फुगवते, पट्टी सोडवते, वाळवते, नवीन अस्तर लावून पुस्तक परत करते. पेन्सिल पाण्याने जात नाही. शाई असती तर काही उरलं नसतं.

एकसष्ट पट्ट्या सापडल्या आहेत. अजून किती आहेत माहीत नाही. काही पुस्तकं हरवली, काही लोकांनी परत केली नाहीत. प्रत्येक पट्टी कोणत्या पानाची ते मी तिच्यावरच्या ओळीवरून आणि डागांवरून ताडून मागे आकडा घातला आहे.

एकीवर आहे, "पहिला भात, खाली लागला, मी दोनदा घेतला." एकीवर, "लोणी दुप्पट घातलंय, आईला सांगू नकोस." एकीवर, "कांदा चिरताना कोणी रडलं तर कांद्यावर ढकलावं, विचारू नये." एक फक्त अर्धी आहे, "तू मोठी झाल्यावर हे," आणि पुढे पट्टी दुसऱ्या कुठल्यातरी कण्यात गेली. ती मी अजून शोधते आहे. आणि एक अशी, की ती सोडवल्यावर मी त्या दिवशी काम केलं नाही. "आज हिने वाचताना दोन पानं गाळली. दमली होती. आपण दोघांनी ओळखलं, पण बोललो नाही." मला वाटत होतं की ते कोणाला कळलं नाही.

तर सदर पुस्तक आणि सदर खोका, आतल्या एकसष्ट पट्ट्यांसह, माझ्या पश्चात थोरलीला द्यावा. मी हयातीत दिला नाही याचं कारण, काम पुरं झालेलं नाही, आणि अर्धवट काम गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही हा माझा नियम आहे. उरलेल्या पट्ट्यांचा शोध ग्रंथपालबाईंनी चालू ठेवावा ही विनंती.

कलम नऊ. ग्रंथालयाची सहा पुस्तकं दुरुस्तीसाठी घरात आहेत, खिडकीजवळच्या फळीवर. ती परत करावीत. या कागदाप्रमाणे सगळं पार पाडण्याचं काम ग्रंथपालबाईंनी करावं. त्या उशीर झाल्याचा दंड कोणालाही माफ करत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विश्वास आहे.

येथवर लिहून झाल्यावर मी दोन्ही साक्षीदारांना बोलावलं. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते, नुसती सही पुरते, हे मला माहीत आहे. तरी मी वाचून दाखवला. ग्रंथपालबाई नऊही कलमं होईपर्यंत टेबलाकडे बघत होत्या. धाकटी सोंग टाकून दारात येऊन बसली होती. मी शिंप्यांच्या पुढे पेन धरलं, तर त्यांनी ते घेतलं नाही.

म्हणाले, "वहिनी, बाकी सगळं झकास. मिठाचं तर फारच. पण या आठव्याचं मला कळलं नाही. आम्ही शिंपी अर्धवट कपडाच माणसाच्या अंगावर चढवून बघतो. पुरा शिवून झाल्यावर बघून काय उपयोग? आणि तुम्ही गेल्यावर ती विचारणार कोणाला, की आई, तू का नाही बघितलंस?"

मी म्हणाले की कागदात लिहिलं आहे ना.

"कागदाला उलट बोलता येत नाही," ते म्हणाले. "तिला बोलायचं असेल. पाच वर्षांचं साचलंय. तुम्ही आपलं सगळं सांगून मोकळ्या, आणि तिने काय करायचं?"

ग्रंथपालबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. शिंप्यांचं बरोबर आहे, एवढंच. मग त्यांनी धाकटीकडे पाणी मागितलं.

मी पेनाला टोपण लावलं. मग थोरलीला फोन केला. या वेळी तिने विचारायच्या आधीच मी सांगितलं की मी बरी नाही, सोमवारी ऑपरेशन आहे, आणि त्याआधी, उद्या, मी तुझ्याकडे येते आहे, ते पुस्तक आणि एक खोका घेऊन. काम अर्धं आहे. तिकडे मागे कुठेतरी पत्र्याचे ट्रे ठेवल्याचे आवाज आले. मग ती म्हणाली, "तीनला माझं काम सुटतं. त्याआधी आलीस तर मागच्या दाराने ये. पुढे गर्दी असते, उभी राहशील." आणि मग, "खोक्यात काय आहे?"

मी म्हणाले, "आल्यावर."

दुरुस्ती. सबब, आठवं कलम मी स्वतःच्या हाताने एका रेघेने खोडलं आहे. रेघ एकच मारली, खाली काय होतं ते वाचता यावं म्हणून. त्या कलमातली मालमत्ता या मृत्युपत्रातून वगळली आहे. तिच्यावर माझ्या पश्चात कोणाचाही हक्क राहणार नाही, कारण ती उद्यापासून माझी नसेल. बाकीची आठ कलमं कायम.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या चार दिवस आधी, गुरुवार, दुपारी साडेचार.

लिहून ठेवणारी: (सही) पुस्तकबांधणीवाली, दोन मुलींची आई

साक्षीदार एक: (सही) शेजारचे शिंपी
साक्षीदार दोन: (सही) ग्रंथपाल

आम्ही दोघे लिहून देतो की वरील सही आणि आठव्या कलमातली खाडाखोड लिहिणाऱ्या बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीत होत्या, कोणाच्याही दडपणाखाली नव्हत्या, फक्त उद्याच्या पहिल्या बसची वेळ दोनदा विचारत होत्या.